खालचा धर

१

रोज सकाळी चहा झाला की सुरेंद्र सर तिघांना अंगणात बसवून दोर चाचपायला लावत. अख्खा दोर चिमटीतून सरकवायचा. कुठे मऊ पडलाय, कुठे आतला पीळ दबलाय, ते बोटांनी ओळखायचं. मग कमरेला हार्नेस आणि लहान चाकू, डोक्याला हेल्मेट, गळ्यात नारिंगी शिट्टी. शेजारच्या सुकरीबाईच्या घरून भाताचे डबे यायचे. ते पिशवीत कोंबून चौघं जण सागाच्या जंगलातून पांढऱ्या नाल्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहायची.

सन दोन हजार सातची दिवाळी नुकतीच आटोपली होती. गडचांदूरच्या पलीकडे जिवतीचा डोंगर चढून गेलं की चुनखडीच्या दगडात हा नाला खोल उतरलेला आहे. नागपूरच्या एका कंपनीला त्यात पर्यटक उतरवायचे होते. नाल्याच्या पोटातून, पाण्याच्याच वाटेने, एकेका धबधब्यावरून दोराने खाली यायचं आणि शेवटी मैदानात निघायचं. एकदा धबधबा उतरून दोर ओढून घेतला की परतीची वाट बंद, पुढेच जावं लागतं. असल्या कामाला वाटाडे लागतात, आणि ते इथलेच असावेत म्हणून कंपनीने तीन पोरं निवडली होती.

रोशन गडचांदूरचा. त्याचा बाप चुन्याच्या खाणीत ड्रिल चालवायचा आणि तो खाणीच्या कड्यांवरच खेळत वाढला, त्यामुळे उंचीची भीती म्हणून ती त्याला ठाऊकच नव्हती. डिंपल गडचिरोलीची, कबड्डी खेळणारी, मांड्यांनी भक्कम. आणि दामिनी भानारकर ब्रह्मपुरीजवळच्या नदीकाठच्या गावची, ढिवराची पोर. तिचा बाप केवळराम डोंग्यातून वैनगंगेत जाळं टाकायचा. चालायला शिकायच्या आधी ती पोहायला शिकली असं तो सगळ्यांना सांगायचा. बारावी होऊन ती ब्रह्मपुरीच्या स्टँडवर एका एसटीडी बूथवर बसत होती. ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आले आणि बूथला कुलूप लागलं. घरात लग्नाच्या गोष्टी निघू लागल्या तेव्हा केवळरामच म्हणाला, "जाऊन पाह्य. जमलं तं जमलं. नाई तं डोंगा हायच आपला."

पहिल्या दिवशी सरांनी सगळ्यात आधी 'खालचा धर' शिकवला. सर नागपूरचे, चाळिशी ओलांडलेले, बोलायला हळू.

"उतरणारा वरून येऊन राह्यला. त्याच्या दोराचं टोक खाली उभं असलेल्याच्या हातात पाहिजे. त्याचा हात सुटला, तर खालच्याने दोर ताणायचा. ताणला की उतरणारा जागच्या जागी थांबते. सैल सोडला की परत उतरते." सर पाय फाकवून, गुडघे जरा वाकवून उभे राहिले. कोपरं बरगडीला लावली, उजवा हात खाली, डावा वर. "आणि नजर वर. त्याच्यावरून नजर काढायची नाही."

"अन् जो पहिला उतरते, त्याले कोण धरते?" दामिनीने विचारलं.

"त्याला कोणी नाही धरत," सर म्हणाले. "म्हणून पहिला पक्का पाहिजे."

मग शिट्ट्या. धबधब्याच्या आवाजात माणसाचं ओरडणं पोचत नाही. एक शिट्टी म्हणजे थांब. दोन म्हणजे दोर सोड. तीन म्हणजे मी खाली पोचलो, दोर मोकळा आहे, पुढच्याने यावं.

२

पहिले दोन धबधबे उघडे होते, उन्हातले. तिसऱ्याशी दोन्ही बाजूंचे कडे जवळ येत आणि पाणी एका भेगेतून आत कोसळे. आत रांजणासारखी पोकळी होती. तोंड अरुंद, पोट फुगलेलं. वरून तळ दिसत नसे. भर दुपारीसुद्धा आत हिरवट उजेड असे आणि पाण्याचा आवाज छातीच्या फासळ्यांत वाजे.

तिथे सगळ्यांच्या आधी उतरायची पाळी दामिनीवर आली, कारण पाण्यात ती सगळ्यांहून सराईत होती. डोहात पडली तरी घाबरणार नाही, असा सरांचा हिशेब.

ती कडेने उतरू लागली. पाण्याची धार उजवीकडे होती, तुषार तोंडावर येत होते. निम्म्यावर आली आणि थांबली. हात सैल केला तरी दोर सरकेना. तिने पायांखाली पाहिलं. तिच्या कमरेपासून खाली जाणारा दोर तारेसारखा ताठ झाला होता आणि त्याचं टोक खालच्या फेसात गेलं होतं.

दगडात अडकला, तिला वाटलं. तिने हिसका दिला. तेव्हा दोर सैल झाला. पण अडकलेला दोर सुटतो तसा एकदम नाही. जरासा. मग थांबून अजून जरासा. ती उतरली तेवढाच.

डोहात पाय टेकले तेव्हा छातीपर्यंत पाणी आलं. दोराचं टोक भोवऱ्यावर गोल गोल फिरत होतं, मोकळं. जवळपास दगडही नव्हता. समोर धबधब्याचा पांढरा पडदा आणि त्याच्यामागे कपारीसारखा काळोख. तिने तीन शिट्ट्या मारल्या आणि डिंपल उतरली तेव्हा तिचा दोर नीट धरला.

संध्याकाळी तिने सरांना विचारलं.

"पाणी ओढते दोराला," सर म्हणाले. "टोक प्रवाहात गेलं की वजन येते त्यावर. सगळ्यांना पहिल्या वेळी असंच वाटते."

बरोबरच होतं ते. वाहतं पाणी जाळं कसं ओढतं, हे तिच्याएवढं कोणाला ठाऊक असणार? पण अंथरुणावर पडल्यावर तिला बूथ आठवला. कधी कधी पलीकडे कोणी फोन उचलायचं आणि बोलायचं नाही. नुसती लाइन आणि उचललेली लाइन यांत काय फरक असतो हे तिला सांगता आलं नसतं, पण तिला तो कळायचा. गिऱ्हाईक हॅलो हॅलो करत राही आणि ती काउंटरमागून म्हणे, "हाय कोणीतरी."

तिने कूस बदलली आणि जाळ्याचा विचार करू लागली.

३

पुढच्या खेपेला तिने मुद्दाम दोर आखूड सोडायला लावला. टोक डोहाच्या वर हातभर लटकत राहील, पाण्याला लागणारच नाही, असा. ती निम्म्यावर आली आणि दोर खालून ताणला गेला.

आता पाणी नव्हतं ओढायला. मग वारा असेल. पोकळीत पाणी कोसळतं, त्याने हवा घुसळते, दोर हलतो. हलतो खरा, पण ताठ कसा होईल? दोर ओला होऊन जड झाला असेल. तिने एकामागून एक कारणं जुळवली, आणि प्रत्येक कारण खाली पोचेपर्यंत टिकलं.

एक गोष्ट मात्र तिने कोणाला सांगितली नाही. सुरुवातीला तो ताण वेडावाकडा असे; मध्येच हिसका, मध्येच ढिला. हळूहळू तो सुधारत गेला. ती पाय उचली तेव्हा दोर सैल होई, पाय टेकला की हलकेच आवळे. त्या तिसऱ्या धबधब्यावर ती आता भराभर उतरू लागली होती. "छान," सर म्हणाले, "हात बसला तुझा."

मग एक दिवस रोशन पहिला उतरला. त्याच्यामागून दामिनी खाली आली तेव्हा तो हसतच म्हणाला, "तुमी पोरी तं माह्या आंधी उतरल्या वाटते. कोण होती बे धरायले? मस्त धर होता."

"आमी दोघी वर होतो, सरांजवळ," दामिनी म्हणाली.

रोशनचं हसू तसंच राहिलं, पण डोळे पाण्याच्या पडद्याकडे गेले. मग डिंपलला धरायला त्याने दोराचं टोक उचललं.

त्याच आठवड्यात शिट्ट्याही ऐकू आल्या. डिंपल पहिली उतरत होती. तिचं हेल्मेट अजून कड्याच्या आड गेलं नव्हतं आणि खालून तीन शिट्ट्या झाल्या. तिसरी जरा आखूड, दम संपल्यासारखी. शिकाऊ माणसाची असते तशी.

"घुमते आवाज," सर म्हणाले. "आपल्याच मघाच्या शिट्ट्या दगडात फिरतात." पण त्यांनी दोराच्या गाठीवर हात ठेवला तो काढला नाही.

त्या दिवशी डिंपल जेवली नाही. भांडी घासताना ती दामिनीच्या शेजारी येऊन बसली.

"मी आज मुद्दाम हात सोडला," ती म्हणाली.

"कुठी?"

"तिसऱ्यावर. अर्ध्यात. दोन्ही हात सोडले. मले पाहाचं होतं."

"येडी हायेस काय व? मंग?"

"मंग काई नाई." डिंपल राखेने तेच ताट परत घासत होती. "पडलीच नाई मी. त्यानं मले धरलं. अन् हळूहळू खाली घेतलं, लेकराले घेते तसं."

सकाळी दामिनी उठली तेव्हा डिंपलची पिशवी नव्हती. पहिल्या जीपने ती गडचांदूरला उतरली होती, आणि तिथून बसने घरी. सरांना तिने आई आजारी असल्याचं सांगितलं.

"तू काऊन नाई जाऊन राह्यला?" दामिनीने रोशनला विचारलं.

"खाणीत जावं लागन मले. धूळ खाऊन बापाची छाती गेली." मग तो हळूच म्हणाला, "तू?"

दामिनी कपडे वाळत घालत होती. तिला नोकरी पाहिजे होती हे खरं. पण खरं अजून एक होतं. त्या हाताची तिला सवय झाली होती.

४

पहिल्या टप्प्याची परीक्षा तिसऱ्या धबधब्यावर ठेवली होती. आधी रोशन उतरेल, मग दामिनी, शेवटी सर. रात्री वरच्या पठारावर पाऊस झाला होता, त्यामुळे पाणी वाढलं होतं. धार कड्याच्या अर्ध्या भागावर पसरली होती.

रोशन गेला. दोर बराच वेळ ताठ होता, मग सैल पडला. खालून तीन शिट्ट्या आल्या. तिन्ही सारख्या, भरदार.

"वा," सर म्हणाले. "जा."

दामिनी उतरू लागली. खालून दोराने तिला नेहमीसारखं घेतलं. रोशन आहे, तिने स्वतःला बजावलं. निम्म्याच्या खाली शेवाळावर तिचा पाय सटकला, खांदा दगडावर आपटला आणि हात सुटला. डोकं खाली, पाय वर अशी ती क्षणभर लटकली. पण पडली नाही. दोर ताणला गेला होता. ती सावरली, पाय लावले, तेव्हाच तो सैल झाला. ती डोहात उतरली, कमरेच्या आठ आकड्यासारख्या कडीतून दोर सोडवला आणि वळली.

"रोशन, सोड आता," ती म्हणाली.

दोराचं टोक तिच्याजवळ नव्हतं. ते डोहावरून आडवं जाऊन पाण्याच्या पडद्यात शिरलं होतं आणि पलीकडून कोणीतरी ते ताणून धरलं होतं.

वरून एक खडा पाण्यात पडला. तिने मान वर केली. कड्याच्या मध्यावर, वळणाच्या आड एक कपार होती. उतरताना ती दिसत नसे. तिच्यात रोशन अंग चोरून बसला होता. हेल्मेट काढलेलं, दगडात ठोकलेल्या एका जुन्या बोल्टला स्वतःला अडकवलेलं. तो खाली आलाच नव्हता. दामिनीशी नजर मिळताच त्याने ओठांवर बोट ठेवलं. मग तेच बोट पडद्याकडे केलं.

पडद्याकडे बघायचं नाही असं ठरवून ती उभी राहिली, आणि त्याच वेळी दोर मोकळा सुटला, सावकाश, मूठ उघडावी तसा. फेसावर येऊन तरंगू लागला.

पडद्यामागून तीन शिट्ट्या झाल्या.

दामिनीने गळ्यातली शिट्टी तोंडाला लावली आणि एक लांब शिट्टी मारली. थांब. पुन्हा मारली. पण तिची शिट्टी संपायच्या आत पलीकडून तीन यायच्या, नेमक्या तिच्या शिट्टीला जोडून. वर ऐकणाऱ्याला एवढंच कळलं असतं की खाली पोचलेला माणूस बोलावतो आहे.

सर उतरू लागले. त्यांचे बूट दिसले, मग कंबर. वाढलेल्या पाण्यामुळे त्यांना धारेतूनच यावं लागत होतं. दामिनीने ओरडून पाहिलं. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. ती टोक पकडायला झेपावली तोवर ते पुन्हा पडद्याआड गेलं होतं. सर धारेच्या ऐन मध्ये पोचले आणि दोर ताणला गेला.

ते थांबले. पाणी त्यांच्या डोक्यावर कोसळत होतं. त्यांनी हात सैल केला, हिसके दिले, पाय झाडले. खाली सरकता येईना. मान वळवून श्वास घ्यायचा प्रयत्न करताना त्यांचं तोंड दिसायचं आणि परत पाण्यात जायचं. दामिनीने दोन शिट्ट्या मारल्या. सोड. सोड. दोर उलट जास्त आवळला.

तिने कमरेचा चाकू काढला आणि पडद्याकडे चालत गेली, कारण टोक तिथेच हाताला लागणार होतं. पाणी गळ्याला आलं. तिने डाव्या हाताने दोर पकडला. त्यातून पलीकडची थरथर तिच्या तळव्यात येत होती, जोर लावणाऱ्या माणसाच्या दंडाची असते तशी.

इतक्या जवळून पडदा पातळ दिसत होता. तिने बघितलं. बघायचं नव्हतं तरी बघितलं. पाय फाकवलेले, गुडघे वाकवलेले. कोपरं बरगडीला. एक हात खाली, एक वर. सगळं सरांनी शिकवलं तसं. तोंड दिसलं नाही, कारण तोंड वर होतं, उतरणाऱ्याकडे. मान मागे गेली होती, खूप मागे. माणसाची मान जाते त्याच्यापलीकडे.

दामिनीने चाकू फिरवला. ताणलेला दोर एका फटक्यात तुटला. वरून सर दगडासारखे डोहात आले.

तुटलेलं टोक पडद्याआड ओढलं जात होतं, हातावर हात टाकत. आणि मग ती मान खाली येऊ लागली. दामिनीने डोळे मिटले आणि बुडी मारली.

पुढचं सगळं तिने डोळे मिटूनच केलं. सरांचा हार्नेस हाताला लागला, तो धरून ती पाय मारत डोहाच्या दुसऱ्या कडेला, बाहेर जाणाऱ्या फटीकडे गेली. बापाने लहानपणी बुडत्याला कसं काढायचं ते शिकवलं होतं. मागून धरायचं, त्याचं तोंड वर ठेवायचं, थांबायचं नाही. मागे पाणी चुबकलं तेव्हा ती थांबली नाही. तो रोशन होता, कपारीतून दोराला लोंबकळत येऊन त्याने उडी टाकली होती. दोघांनी मिळून सरांना फटीतून उन्हात ओढलं. रोशनने त्यांना पालथं करून पाठ दाबली. बरंच पाणी निघाल्यावर सर खोकले.

पोकळीतून शिट्टी आली. एकच. थोडं थांबून परत एक.

"चाल," रोशन म्हणाला. "दामिनी, मागं पाहू नको. चाल."

५

चंद्रपूरच्या हॉस्पिटलात सर पंधरवडाभर होते. खांदा निखळला होता, छातीत पाणी झालं होतं. कंपनीच्या माणसांनी येऊन विचारपूस केली. दोर दगडाच्या चिरेत अडकला, असं रोशनने सांगितलं आणि दामिनीने मान हलवली. त्यावर कोणाचा आक्षेप नव्हता. वर राहिलेला दोर कोणी आणायला गेलं नाही. रोशन खाणीत लागला नाही. बल्लारशाला एका टायरच्या दुकानात लागला. दामिनी गावी परतली आणि पुढच्या साली अंगणवाडीत मदतनीस झाली. बापाबरोबर नदीवर ती अजूनही जायची, पण जाळ्याची दोरी हातात घ्यायची नाही. डोंग्याच्या टोकाला बसून वल्हं मारायची.

सरांना सोडायच्या आदल्या दिवशी मात्र ती त्यांना भेटायला गेली होती. दुपारची वेळ, वॉर्डात पंखे फिरत होते. सरांची बायको मोसंबी आणायला खाली गेली होती. सर बारीक झाले होते. त्यांनी तिला बसायला सांगितलं. बाबा कसे आहेत, धान कापून झालं का, असंच विचारत राहिले.

मग ते म्हणाले, "तुझा पाय सटकला होता ना त्या दिवशी? माझ्या हातात दोर होता वर, मला झटका समजला."

"हो, सर."

"तेव्हा तुला बरोबर धरलं."

दामिनीने स्टूल खाटेजवळ ओढलं.

"मी लटकलो होतो तिथून मला आतलं दिसत होतं," सर म्हणाले. ते छताकडे बघत होते. "त्याला मला मारायचं नव्हतं. मी हात सोडले, तर त्याला वाटलं मी पडून राह्यलो. म्हणून घट्ट धरलं."

"सर, नका बोलू त्याचं."

"त्याची चूक नाही, दामिनी." सरांनी डोळे तिच्याकडे वळवले. त्यांत भीती होती, आणि मास्तराला आपल्या विद्यार्थ्याची वाटते तशी एक ओशाळवाणी काळजी. "माणूस धारेखाली असला तर दोर कधी ताणायचा नाही, सोडून द्यायचा. ते मी पुढच्या हप्त्यात शिकवणार होतो."